दुपारी साडेतीनला आकाश निळंभोर, आणि ॲप म्हणतं ओझोन. हे पुण्यात कधीपासून?

चिंचगूळ · सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, लेकीचं उन्हाळी शिबिर सुरू झालंय. स्केटिंग, दुपारी साडेतीन ते साडेपाच, कर्वेनगरातल्या एका मैदानावर. आज तिला सोडून परत निघताना सहज फोनवर हवेचा निर्देशांक बघितला. आकाश निळंभोर, टेकडी घासूनपुसून ठेवल्यासारखी दिसत होती. आणि ॲपवर हवा 'मध्यम', मुख्य प्रदूषक ओ३. म्हणजे ओझोन! डिसेंबरात तिथे कायम पीएम २.५ असतं. ते कळतं, धूळ-धूर-शेकोट्या. पण ओझोन?

आपण शाळेत शिकलो ते असं: ओझोन चांगला, वर असतो, त्याला भोक पडलं, फ्रीज आणि स्प्रेमुळे पडलं, मग जगाने करार केला. मग हा खाली कर्वेनगरात काय करतोय? घसरून पडला का?

दुसरं म्हणजे, मी पुण्यात १९९१ पासून आहे. तेव्हाचा धूर मला आठवतो. स्वारगेटला उभं राहिलं की डोळ्यांतून पाणी यायचं. आता तितकं येत नाही. मग हवा सुधारली की बिघडली? आणि शिबिराची वेळ बदलून मागावी का? सरांना काय कारण सांगू?

सदाशिवी · रात्री ९:५८

पहिला! (बाकी उद्या वाचतो.)

खारी_बिस्कीट · रात्री १०:०४

आमच्या आज्जीच्या ग्रुपवर दर कार्तिकात एक संदेश फिरतो: 'काकडआरतीला जावे कारण पहाटे ओझोनचा थर जमिनीजवळ येतो आणि तो फुप्फुसांना हितकारक असतो. आपले पूर्वज किती थोर.' खाली चौदा नमस्कार. चिंचगूळताई, तुम्ही लेकीला दुपारची काकडआरती घडवताय असं समजा.

रसायनमास्तर · रात्री १०:३१

खारी, तो संदेश मलाही येतो, दरवर्षी उत्तर देतो, दरवर्षी ग्रुपमधून काढतात. शहरात पहाटे ओझोन सर्वांत कमी असतो. आणि जितका असेल तितकाही फुप्फुसाला हितकारक नाही. काकडआरतीला जरूर जा, प्रसादासाठी जा.

चिंचगूळ, ओझोन एकच, पत्ते दोन. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटरवरचा थर अतिनील किरण अडवतो. १९८७ चा माँट्रियल करार त्याच्यासाठी. इथला ओझोन वरून घसरलेला नाही, इथेच तयार होतो. कुठल्याही धुराड्यातून, सायलेन्सरमधून तो बाहेर पडत नाही. म्हणून 'ओझोन कोण सोडतं' हा प्रश्नच जरा फसवा आहे.

तीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवलंय, तेव्हा सवयीने सांगतो. इंजिनातून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात. नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडलं की त्यातला ऑक्सिजनचा एक अणू सुटतो, तो हवेतल्या साध्या ऑक्सिजनला चिकटतो, झाला ओझोन. मागे उरतो नायट्रिक ऑक्साइड. तो संधी मिळताच ओझोनकडून एक अणू काढून घेतो आणि पुन्हा डायऑक्साइड होतो. ही दहा बायकांची भिशी आहे. पैसा फिरतो, वाढत नाही.

आता या भिशीत कोणी बाहेरून पैसे ओतायला लागलं तर? ते काम पेट्रोलची वाफ, थिनर, अर्धवट जळलेलं इंधन, असल्या उडून जाणाऱ्या सेंद्रिय वायूंचं. यांना व्हीओसी म्हणतात. उन्हात त्यांचे तुकडे होतात आणि ते नायट्रिक ऑक्साइडला परस्पर ऑक्सिजन पुरवतात. त्याला मग ओझोन मोडावा लागत नाही. ओझोन साठत जातो. सकाळच्या गर्दीचा धूर, वर चार-पाच तासांचं कडक ऊन, म्हणून तुमचा साडेतीनचा मुहूर्त.

उगाच_काहीतरी · रात्री १०:४०

मास्तर, भिशीत बाहेरून पैसे ओतणारा कोणी असेल तर पत्ता कळवा.

आलेपाक · रात्री ११:१२

मास्तरांना अनुमोदन. डॉक्टर म्हणून दोन ओळी.

ओझोन श्वासनलिकेच्या अस्तराला जाळतो, उन्हात त्वचा भाजते तसा. घसा खवखवतो, खोल श्वास घेतला की खोकला येतो, छातीत आवळल्यासारखं होतं. दमा असणाऱ्यांना जास्त. पळणारं मूल शांत बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतं, त्यामुळे ज्या वेळी ओझोन जास्त त्याच वेळी मैदानावर पळवणं हा हिशोब चुकीचा आहे. भारताच्या २००९ च्या मानकात आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आणि एका तासाला १८० अशी मर्यादा आहे. आठ तासांसाठी जागतिक आरोग्य संघटनाही १००च म्हणते. शिवाय २०२१ मध्ये त्यांनी सबंध ओझोनच्या मोसमाच्या सरासरीसाठी ६० चा आकडा घातला. म्हणजे एक दिवस नव्हे, महिनोन्महिने थोडा थोडा श्वासात जाणाराही मोजायचा.

आणि हो, एन९५ मास्क इथे उपयोगाचा नाही. तो कण अडवतो, हा वायू आहे. खिडक्या लावून घरात बसलं तर मात्र फरक पडतो, कारण भिंती-पडद्यांवर आपटून ओझोन मोडतो.

चोक_ओढा · मंगळवार, सकाळी ७:२०

१९९१ चा धूर म्हणालात आणि मी थेट टिळक रस्त्यावर पोचलो. आमच्या वडिलांची टू-स्ट्रोक स्कूटर. सकाळी डावीकडे तिरकी करायची, चोक ओढायचा, सहा किका, आणि मग जिना भरून निळा धूर. शेजारच्या काकू दार लावून घ्यायच्या. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून घ्यायचं, पंपावर तो मापाने ओतायचा. आख्खं पुणं या गाड्यांवर होतं, आणि रिक्षासुद्धा टू-स्ट्रोकच.

नंतर एका मेकॅनिकने समजावलं की या इंजिनात ताजं पेट्रोल आत येताना जळालेल्या वायूबरोबर थोडं तसंच बाहेर सटकतं. चौथ्या हिश्श्याच्या आसपास न जळता जातं म्हणाला! वडील महिन्याचं पेट्रोल वहीत लिहायचे. ते ऐकून दोन दिवस जेवले नाहीत.

मास्तर, म्हणजे तुमच्या भिशीत पैसे ओतणारे आमचे तीर्थरूपच ना?

रसायनमास्तर · मंगळवार, सकाळी ८:०५

तेच. आणि गंमत बघ, टू-स्ट्रोकमधून नायट्रोजनचे ऑक्साइड त्या मानाने कमीच निघायचे. व्हीओसी भरमसाठ. नंतर चार-स्ट्रोक आल्या, रिक्षा सीएनजीवर गेल्या, पीएमपीएमएलच्या बसही बऱ्याच सीएनजीवर गेल्या. न जळालेलं पेट्रोल घटलं. पण गाड्यांची संख्या इतकी फुगली की नायट्रोजनचे ऑक्साइड वाढले. डिझेल कारची लाट आली तेव्हा आणखी. मग २०१७ ला गाड्यांच्या धुराचं बीएस-४ मानक देशभर, २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६. आता नव्या गाड्यांत दोन्ही घटक कमी.

डोळ्यांतलं पाणी थांबलं कारण न जळालेलं इंधन, काजळी आणि आल्डिहाइडं हे डोळे चोळायला लावणारे पदार्थ कमी झाले. ओझोन दिसत नाही आणि नाकालाही फार कळत नाही. झेरॉक्सच्या दुकानात मशिनजवळ जो विजेसारखा वास येतो, तो त्याचा.

सदाशिवी · मंगळवार, सकाळी ९:३०

आता वाचलं. थोडक्यात, गाड्या सुधारल्या म्हणून हवा सुधारली, पण ॲप ओरडतंय म्हणून बिघडली. निष्कर्ष: ॲप काढून टाका.

पाषाणपालवी · मंगळवार, दुपारी १:१५

मी हवेच्या आकड्यांतच काम करते, म्हणून जरा लांब लिहिते. चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट. 'पुण्याचा ओझोन' असा एक आकडा नसतो. भर चौकात, जिथे गाड्या सतत नायट्रिक ऑक्साइड सोडतात, तिथे तो ओझोन खाऊन टाकतो. म्हणून रहदारीच्या ऐन मध्यात ओझोन कमी आणि दोन-चार किलोमीटरवरच्या बागेत, टेकडीच्या उतारावर, शहराबाहेर जास्त. याचा अर्थ चौकातली हवा चांगली असा नाही! तिथे ओझोन खाऊन झालेला नायट्रोजन डायऑक्साइड तुम्ही घेताच. पण उपकरण चौकातून उचलून शाळेच्या गच्चीवर ठेवलं तर एका रात्रीत ओझोन 'वाढेल'. त्यामुळे बातमीत 'दहा वर्षांत इतके टक्के' असं वाचलं की आधी विचारायचं: जागा तीच होती का, उपकरण तेच होतं का, आणि सरासरी कशाची? दिवसाची, की दुपारच्या आठ तासांची? रात्रीचे तास मिसळले की वाढ भलतीच दिसू शकते, कारण रात्री फक्त ओझोन खाणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण बदललेलं असतं.

दुसरी गोष्ट, आणि हीच लोकांना पटत नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड कमी केले की ओझोन कमी होईलच असं नाही. दाट शहरात आधी तो वाढतो. दोन कारणं. ओझोन खाणारा नायट्रिक ऑक्साइड घटतो. शिवाय नायट्रोजन डायऑक्साइड हा त्या रासायनिक साखळीला चालवणाऱ्या हायड्रॉक्सिल नावाच्या तुकड्यांना गिळत असतो, तो कमी झाला की साखळी जास्त जोमात फिरते. बरंच खाली उतरल्यावर मगच ओझोन पडायला लागतो. मधला चढ पार करावा लागतो.

२०२० च्या टाळेबंदीत हे देशभर दिसलं. रस्ते ओस, नायट्रोजन डायऑक्साइड धाडकन खाली, पण अनेक शहरांत ओझोन त्या प्रमाणात हललाच नाही, काही ठिकाणी चढला. लॉस एंजेलिसला तर दर रविवारीच हा प्रयोग होतो असं म्हणायचे: ट्रक कमी, धूर कमी, ओझोन शनिवार-रविवारी उलट जास्त. चीनने २०१३ नंतर धूलिकणांवर जोर लावला, कण झपाट्याने घटले आणि शहरांतला उन्हाळी ओझोन वाढत गेला. त्यात आणखी एक पदर आहे. हवेतले कण ओझोनच्या साखळीतले काही दुवे स्वतःवर चिकटवून घेतात. कण गेले, दुवे मोकळे.

उगाच_काहीतरी · मंगळवार, दुपारी १:२२

म्हणजे धूर करा, ओझोन घटवा. आजच सोसायटीत पालापाचोळा पेटवतो, जनहितार्थ.

पाषाणपालवी · मंगळवार, दुपारी १:४०

पेटवा. पाचोळ्याच्या धुरात व्हीओसी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड दोन्ही असतात, म्हणजे कणही मिळतील आणि दुपारी ओझोनही. एकावर एक फ्री.

चोक_ओढा · मंगळवार, दुपारी २:१०

अवांतर: स्कूटर वापरात नव्हती तेव्हा जिन्याखाली वर्षानुवर्षं पडून होती. टायरच्या बाजूला आडव्या बारीक भेगा पडल्या. टायरवाला म्हणाला 'हवा लागली'. आम्ही हसलो होतो. हवा तर आतच असते!

रसायनमास्तर · मंगळवार, दुपारी ३:००

टायरवाल्याचे पाय धरा. ताणलेल्या रबरावर ओझोन असाच भेगा पाडतो.

आणि शहरी ओझोनचा शोध लागला त्यात या भेगांचाही हात आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९४३ च्या जुलैत असं धुकट झालं की लोकांना वाटलं जपान्यांनी वायुहल्ला केला. डोळे चुरचुरत, भाजीची पानं करपत, पण लंडनसारखा कोळशाचा वास नाही. तिथे हागेन-स्मिट म्हणून मूळचे डच रसायनतज्ज्ञ होते, अननसाचा स्वाद कशाने येतो ते शोधत होते. त्यांना हवेच्या मागे लावलं. त्यांनी दाखवलं की गाड्या-रिफायनऱ्यांचे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन होतो. वाकवलेल्या रबराच्या पट्टीला किती मिनिटांत भेगा जातात, यावरून ओझोन मोजायचे. हे १९५० च्या सुमाराचं. तेल कंपन्या काही वर्षं मानायलाच तयार नव्हत्या.

खारी_बिस्कीट · मंगळवार, दुपारी ३:०६

अननसापासून सायलेन्सरपर्यंत. करिअर कौन्सिलिंगवाल्यांना सांगायला हवं.

अंगणवेल · मंगळवार, सायंकाळी ६:४५

इतकी किचकट चर्चा कशाला? झाडं लावा. वेताळ टेकडी फोडून रस्ते काढायला निघालेत आणि आपण नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतोय.

पाषाणपालवी · मंगळवार, सायंकाळी ७:१०

टेकडीबद्दल पूर्ण सहमत. पण झाडांचं प्रकरण एवढं सरळ नाही. निलगिरी, बांबू, वडा-पिंपळाच्या कुळातली बरीच झाडं उन्हात आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात. तोही व्हीओसीच, आणि मोठा चपळ. तापमान वाढलं की जास्त सुटतो.

अंगणवेल · मंगळवार, सायंकाळी ७:१४

म्हणजे आता वड-पिंपळ प्रदूषण करतात?? उद्या कुऱ्हाड घेऊन या. हेच वाक्य बिल्डर वापरतील, बघा.

पाषाणपालवी · मंगळवार, सायंकाळी ७:३८

तोडा असं मी म्हटलेलं नाही, वेलताई. आयसोप्रीन एकटं काही करू शकत नाही, त्याला नायट्रोजनचे ऑक्साइड लागतात, आणि ते पिंपळ सोडत नाही. जंगलात झाडं हजारो वर्षं तेच सोडत आलीयत. शिवाय पानं ओझोन शोषून घेतात, सावली देतात, सावलीत तापमान उतरतं, पार्किंगमधल्या गाड्यांच्या टाक्यांतून कमी पेट्रोल उडतं. माझं म्हणणं इतकंच की नवीन लावताना रस्त्याकडेला निलगिरीची रांग नको. आणि गाड्या तशाच ठेवून झाडांवर हवाला ठेवू नका.

अंगणवेल · मंगळवार, सायंकाळी ७:५५

हे असं आधी लिहिलं असतंत तर माझा रक्तदाब वाचला असता.

संपादक · मंगळवार, रात्री ८:००

टेकडीच्या रस्त्यासाठी वेगळा धागा आहे. तिथे आधीच ३१२ प्रतिसाद आहेत. कृपया इथे सुरू करू नये.

भीमाकाठ · मंगळवार, रात्री ९:२०

दौंडकडचा शेतकरी. पाषाणपालवी, तुम्ही म्हणालात शहराबाहेर जास्त. वारा पश्चिमेचा, म्हणजे पुण्याचा माल आमच्याकडेच येतो. आमच्या घेवड्याच्या पानांवर वरच्या बाजूने बारीक तपकिरी ठिपके पडतात, शिरा हिरव्याच राहतात. कृषी सेवा केंद्रवाला दर वेळी नवी बाटली देतो. हे ओझोनचं असू शकेल का?

पाषाणपालवी · मंगळवार, रात्री १०:०५

भाऊ, शिरांच्या मधल्या भागात, फक्त वरच्या बाजूने, आणि नव्यापेक्षा जुन्या पानांवर जास्त, हे ओझोनच्या इजेचं वर्णन खरं. घेवडा, बटाटा, तंबाखू ही त्याला हळवी पिकं. पण फुलकिडे आणि करपा याहून कितीतरी पटीने जास्त आढळतात, त्यामुळे आधी भिंगाने पानाची खालची बाजू बघा. किडा किंवा बुरशी दिसली तर पुण्याला शिव्या देऊ नका.

पिकांचं नुकसान मात्र काल्पनिक नाही. आपल्या पाषाणच्या आयआयटीएमच्या (उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या) संशोधकांनी २०१४ मध्ये मॉडेलवरून हिशोब मांडला होता: २००५ सालच्या ओझोनने देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडाला. वर सोयाबीन आणि कापूस वेगळे. ठिपके न दिसताही उतारा घटतो. ओझोन पर्णरंध्रांतून आत शिरतो आणि झाडाची शक्ती दुरुस्तीत जाते.

भीमाकाठ · मंगळवार, रात्री १०:३०

भिंग आहे. बघून सांगतो. पण बाटलीवर ओझोनसाठी औषध लिहिलेलं अजून तरी आलं नाही, तेवढं नशीब.

उगाच_काहीतरी · मंगळवार, रात्री १०:३४

भाऊ, हळू बोला. सेवा केंद्रवाला वाचत असेल.

आलेपाक · बुधवार, सकाळी ८:४०

औषधावरून आठवलं. प्रदर्शनांमध्ये भाज्या धुवायचं ओझोन मशिन आणि खोलीतली हवा 'ताजी' करणारं ओझोन यंत्र विकतात. पहिलं पाण्यात आहे, निदान खिडकी उघडी ठेवून वापरा. दुसरं मात्र घरात आणूच नका. एक पेशंट महिनाभर खोकत होत्या, सगळ्या तपासण्या झाल्या, शेवटी कळलं की मुलाने वाढदिवसाला ते यंत्र दिलंय आणि त्या प्रेमाने रोज रात्री उशाशी लावतात. यंत्र बंद केलं, खोकला थांबला. मुलगा अजून माझ्यावर नाराज आहे.

खारी_बिस्कीट · बुधवार, सकाळी ९:१०

मी आणि लेकाने मे महिन्याच्या सुट्टीत केलेला प्रयोग सांगते. कॉर्नफ्लोरची पातळ खळ, त्यात पोटॅशियम आयोडाइड (लक्ष्मी रोडजवळ केमिकलच्या दुकानात मिळालं), गाळणकागदाला लावून वाळवायचं. ओझोन लागला की आयोडीन सुटतं आणि कागद जांभळट होतो. पट्ट्या ओल्या करून एक नळ स्टॉपच्या बहिणीच्या बाल्कनीत, एक आमच्या बावधनच्या गच्चीवर, दोन्ही सावलीत, दुपारी बारा ते पाच. बावधनची गडद, नळ स्टॉपची फिकट! लेकाचं म्हणणं, मावशीने फसवलं, पट्टी लावलीच नाही. आज पाषाणपालवींचा प्रतिसाद वाचून मावशी निर्दोष सुटली.

रसायनमास्तर · बुधवार, सकाळी ९:४५

शाब्बास! ही श्योनबाइन या रसायनतज्ज्ञाची पट्टी. त्याने १८३९-४० च्या सुमारास ओझोनला नाव दिलं, वासावरून, ग्रीक शब्द घेऊन. एकोणिसाव्या शतकात युरोपभर या पट्ट्या टांगत. पण पावसाळ्यात करू नका, दमट हवेत रंग भलताच येतो. नायट्रोजन डायऑक्साइडनेही थोडा येतो.

पॅरिसच्या मोंतसूरी वेधशाळेत १८७६ पासून तीसेक वर्षं जास्त भरवशाच्या रासायनिक पद्धतीने रोज मोजत. त्यांचे आकडे १० पीपीबीच्या (हवेच्या अब्ज भागांत दहा भाग) आसपास येतात. म्हणजे घनमीटरला साधारण २० मायक्रोग्रॅम. आज उत्तर गोलार्धात शहरापासून लांबसुद्धा ३०-४० पीपीबी सहज असतो.

पाषाणपालवी · बुधवार, सकाळी ११:२०

मास्तर, त्या १० वर फार भार टाकू नका. २०१९ मध्ये बर्फात अडकलेल्या जुन्या हवेतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (वेगळ्या वजनाच्या अणूंवरून) तपासलं, तर १८५० पासूनची वाढ ४० टक्क्यांच्या आतच निघाली. तिप्पट-चौपट नाही.

पण दूरवरची पार्श्वभूमी वाढलीय हे खरं, आणि त्यात मिथेनचा मोठा वाटा. मिथेन संथ व्हीओसीच आहे. शहरात त्याचा परिणाम जाणवत नाही, पण तो वर्षानुवर्षं हवेत राहतो आणि जगभर थोडा थोडा ओझोन करत बसतो. म्हणजे पुण्याने सगळं नीट केलं तरी पाटी कोरी होत नाही.

रसायनमास्तर · बुधवार, सकाळी ११:३२

हे ४० टक्के मला नवीन. वहीत लिहून घेतो.

चोक_ओढा · बुधवार, दुपारी १२:१०

पुण्यात ओझोन मोजायची परंपरा जुनी आहे म्हणे?

रसायनमास्तर · बुधवार, दुपारी १२:३५

आहे ना. हवामान खात्याच्या शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात. अ‍ॅना मणी या हवामानशास्त्रज्ञ १९४८ मध्ये पुण्याच्या वेधशाळेत आल्या, उपकरणांचा विभाग सांभाळला, आणि साठच्या दशकात ओझोनसाँड इथेच भारतीय बनावटीचा तयार झाला. फुग्याला बांधून वर सोडायचा. आत पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण, त्यात हवेचे बुडबुडे, आणि जितका ओझोन तितका विद्युतप्रवाह. खारी, तुझ्या कॉर्नफ्लोरच्या पट्टीची थोरली बहीण. आताची हवा मोजायची यंत्रणा सफर, ज्यावरून ॲपवाले आकडे दाखवतात, ते आयआयटीएमचं. दिल्लीत २०१० ला राष्ट्रकुल स्पर्धांसाठी सुरू झालं, पुण्यात २०१३ ला.

उगाच_काहीतरी · बुधवार, दुपारी १२:५०

पुण्यात शोध लागला नाही अशी एक तरी गोष्ट आहे का?

सदाशिवी · बुधवार, दुपारी १२:५२

पार्किंग.

दिवेआगर२ · बुधवार, रात्री ८:१५

उशिरा आलो. मी रंगकामाची कंत्राटं घेतो. वर कोणीतरी थिनर म्हणालं, म्हणून लिहितो. तेलरंग, टर्पेंटाईन, पीयू पॉलिश हे सगळं वाळतं म्हणजे काय होतं? उडून हवेतच जातं. कमी वासाचे पाण्याचे रंग आहेत, पण गिऱ्हाईक म्हणतं दारं-खिडक्या चकचकीत हव्यात. आमच्या पोरांचं डोकं दुखतं त्याचं काय.

पाषाणपालवी · बुधवार, रात्री ९:००

तुमचा मुद्दा या सगळ्या धाग्यात सर्वांत मोलाचा आहे. २०१८ मध्ये अमेरिकी शहरांच्या अभ्यासात दिसलं की गाड्या स्वच्छ होत गेल्यावर पेट्रोरसायनांतून येणाऱ्या व्हीओसींपैकी जवळपास निम्मा वाटा रंग, चिकटद्रव्यं, शाई, साफसफाईची द्रव्यं, अत्तरं-डिओ यांचा झालाय. गाड्या पुष्कळ इंधन जाळतात पण त्यातलं थोडंच तसंच सुटतं. रंग-थिनरचं सगळंच सुटायला बनवलेलं असतं.

पुण्याची वाट अजून तिथवर आलेली नाही, कारण आपल्याकडे जुन्या गाड्या, कचरा जाळणं, चुली, डिझेल जनरेटर सगळं एकाच वेळी चालू आहे. पण दिशा तीच. चिंचगूळ, तुमच्या 'काय बदललं'ला माझं उत्तर हे: १९९१ ला ओझोनचा कच्चा माल मुख्यतः दुचाक्यांच्या नळकांड्यातून यायचा. मग लोडशेडिंगच्या वर्षांत लक्ष्मी रस्त्यावर दुकानागणिक जनरेटर, मग डिझेल कार. आता तो पंपावर टाकी भरताना उडणाऱ्या वाफेतून, बांधकामांवरच्या रंगातून, भोसरी-चाकणच्या सॉल्व्हंटमधून आणि आपल्या न्हाणीघरातून येतोय. आणि ऊन वाढतंय ते वेगळंच. पीयूसी कडक करून यातलं फारसं काही थांबत नाही. लॉस एंजेलिसला पन्नासच्या दशकात ५०० पीपीबीच्या वर आकडे जायचे. त्यांनी पंपाच्या नळीपासून रंगाच्या डब्यापर्यंत सगळ्यावर नियम केले, आता त्याच्या निम्म्याहून खूप खाली आलेत, आणि तरी अजून मानकात बसत नाहीत.

उगाच_काहीतरी · बुधवार, रात्री ९:०७

दिवाळीतल्या फुलबाज्या राहिल्या. त्या तरी निर्दोष ना? लहान मुलांच्या असतात.

रसायनमास्तर · बुधवार, रात्री ९:२०

२००१ मध्ये दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाच्या लोकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दाखवलं होतं की फुलबाजीच्या लखलखाटातल्या अतिनील किरणांनी रात्रीसुद्धा ओझोन होतो, तोही नायट्रोजनच्या ऑक्साइडांशिवाय. आता झोप.

भीमाकाठ · गुरुवार, सकाळी ६:५०

पान उलटून बघितलं. फुलकिडे निघाले. पुण्याची माफी मागतो.

चिंचगूळ · गुरुवार, रात्री १०:१५

सगळ्यांना धन्यवाद. धागा काढताना एवढं होईल असं वाटलं नव्हतं. पंपावर नळी थांबल्यावर 'अजून थोडं भरा' म्हणायची माझी सवय आजपासून बंद.

शिबिराच्या सरांना मी आलेपाक आणि पाषाणपालवी यांचं सगळं सांगून बघितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग आकाशाकडे बोट दाखवून म्हणाले, 'मॅडम, इतकी स्वच्छ हवा आहे.' मी परत आले.

आज संध्याकाळी ग्रुपवर निरोप: 'पालकांच्या आग्रहास्तव उद्यापासून शिबिर सकाळी ६:३० ते ८:३०.' इतर आयांनी ऊन फार होतं म्हणून तक्रार केली होती, आणि एका आजोबांनी पोरगी काळी पडेल म्हणून. ओझोन कोणाच्याच यादीत नव्हता.

आता पहाटे पाचला उठून डबा करायचाय.

खारी_बिस्कीट · गुरुवार, रात्री १०:१८

जाता जाता काकडआरतीही होईल.